डंपर चिखलात, टेम्पो गल्लीत

"तुम्ही महापालिकेत नक्की कुठे होतात?" हा प्रश्न निवृत्त झाल्यावरही मला लग्नाकार्यात विचारला जातो. "वाहन विभागात," असं सांगितलं की समोरच्या बाई समजूतदारपणे मान हलवतात आणि म्हणतात, "म्हणजे ऑफिसमध्येच ना?" ऑफिस होतं, खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर टॉवेलसुद्धा होता. पण नोकरीतला बराचसा वेळ मी गाड्यांच्या पुढे, मागे किंवा खाली काढला. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली परळची मुलगी मी. लग्नानंतर मीरा रोडला आले आणि इथल्याच पालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. पहिल्या दिवशी वर्कशॉपच्या दारात रखवालदाराने अडवलं आणि सांगितलं, "जन्मदाखल्याची खिडकी पलीकडे आहे, मॅडम."

शहराच्या मालकीच्या गाड्या म्हणजे काय असतं, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. त्याला साहेबांच्या जीपा दिसतात. आमच्याकडे कचऱ्याचे डंपर, पाण्याचे टँकर, आगीचे बंब, रुग्णवाहिका, शववाहिनी, गटार उपसणारी सक्शनची गाडी, डासांसाठी धूर सोडणारे टेम्पो, असं सगळं एका आवारात नांदत असे. प्रत्येकीचं दुखणं वेगळं. डंपर दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतो, म्हणून त्याचा क्लच आधी जातो. बंब महिनाभर उभा असतो आणि एका मिनिटात पळावा लागतो, म्हणून त्याची बॅटरी लहान बाळासारखी सांभाळावी लागते. त्यात आमचं शहर तिन्ही बाजूंनी पाण्याला लागलेलं. खारा वारा पत्रा कधी खाऊन टाकतो, कळतही नाही. आमचे फोरमन इक्बालभाई म्हणायचे, "मॅडम, जो गाडी जास्ती चलती है वो घिसती है, और जो खडी रहती है वो सडती है. आपण दोन्ही बाजूने मार खाणार."

गिऱ्हाईकंही नाना तऱ्हेची. एकदा भटकी कुत्री पकडणाऱ्या गाडीवरचे जनावरांचे डॉक्टर माझ्याकडे आले. गाडीत बिघाड काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गाडी उत्तम आहे. आवाज बदलून द्या."

"कसला आवाज?"

"हाच. कुत्र्यांना पाठ झालाय. आम्ही नाक्यावर वळलो की गल्ली रिकामी."

मी हसले, पण ते अगदी रडवेले झाले होते. मग आम्ही सायलेन्सर बदलला, हॉर्न बदलला, खडखडणारं मागचं दार रबर लावून घट्ट केलं. गाडी नव्या नवरीसारखी चालायला लागली. थोडे दिवस बरे गेले. मग डॉक्टर पुन्हा दारात. "हा पण पाठ झाला," ते म्हणाले. त्यावर इलाज माझ्या डिप्लोम्यात नव्हता.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण नोकरीतलं एकच काही सांगा म्हटलं तर मी सदाशिवच्या डंपरचं सांगते.

सदाशिव हा आमचा ड्रायव्हर मूळचा माणदेशातला. दुष्काळी मुलखातला माणूस, पाण्याला जरा बिचकून असायचा, आणि नेमकी त्याला ड्युटी मिळाली होती खाडीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याची. शहरातला कचरा भरायचा आणि राई गावावरून पुढे टाकायच्या जागेपर्यंत न्यायचा. गाडी हाताखाली नवीन होती, पासिंगचा रंगही अजून सुकला नाही अशी. सदाशिव मात्र अजून रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याची फाईल नुकतीच वर गेली होती. गावाकडून बायकोमुलांना आणायचं ते त्या फाईलवर अडलं होतं.

एका सकाळी त्याचा फोन आला.

"मॅडम, गाडी खाडीत बसली."

"बसली म्हणजे?"

"म्हैस बसते तशी बसली. उठंना."

"तुला लागलंय का?"

"मला काय झालं नाही. चपला गेल्या चिखलात." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, माझी फाईल वर गेलीय."

जीप काढून मी निघाले. राईच्या पुढे एक मच्छीमारांची वाडी आहे, तिच्या अलीकडेच ते दृश्य दिसलं. समोरून आलेल्या बसला साइड द्यायला सदाशिवने गाडी कडेला घेतली होती, आणि रस्त्याची कड खालून पोकळ झालेली. ती गाडीखाली विरघळल्यासारखी सरकली. डंपर उतारावरून मागेमागे घसरत खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येतं त्या चिखलात, जाऊन रुतला होता. मागची चाकं आसापर्यंत आत. पुढचं तोंड रस्त्याकडे, जणू मदत मागतंय. आत कचरा काठोकाठ.

तेव्हा ओहोटी होती. पण ओहोटी थांबून राहत नाही. पाणी परत येणार, गाडी अर्ध्यावर बुडणार, आणि खारं पाणी इंजिनात, गिअरबॉक्समध्ये गेलं की नवी गाडी भंगाराच्या भावात. भंगारात गाडी गेली की चौकशी, आणि चौकशीत रोजंदारीवरचा माणूस टिकत नाही. सदाशिव अनवाणी उभा राहून पाण्याच्या रेषेकडे बघत होता. माझ्याकडे बघत नव्हता.

ठाण्याहून मोठी क्रेन मागवली. ती घोडबंदर रस्त्याने निघाली आणि वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकली. क्रेनवाल्याला मी सारखा फोन करत होते. तो बिचारा सांगायचा, "मॅडम, पूल दिख रहा है. लेकिन पूल येतच नाहीये." इक्बालभाई पेणकरपाड्याला नाला साफ करत असलेला जेसीबी घेऊन आले. पण जेसीबी कडेला आणला तर कड त्याच्याही खालून गेली असती. तो रस्त्यावर लांब उभा करूनच ओढायला हवं होतं, आणि तेवढा लांब दोर आमच्याकडे नव्हता.

"पहले वजन कम करो," इक्बालभाई म्हणाले.

ते बरोबरच होतं. हौदा उचलायचा, कचरा मागे चिखलात ओतायचा, दोन मिनिटांचं काम. मी सदाशिवला केबिनमध्ये चढायला सांगितलं. त्याने इंजिन चालू केलं, हौदा हलला, आणि तेवढ्यात गाडीच्या मागून आवाज आला.

"ओत! माझ्यावर ओत!"

मी पुढे होऊन पाहिलं. गुडघाभर चिखलात, साडीचा काष्टा मारलेली एक म्हातारी डंपरच्या अगदी मागे उभी. कचरा जिथे पडणार तिथेच. वाडीतली हिराबाई. तिचं नाव मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त तिच्या नाकातली नथनी आणि कमरेवरचे दोन हात दिसले.

"सदाशिव, थांब!" मी ओरडले. हौदा थांबला.

"मावशी, बाजूला व्हा. पाणी यायच्या आत गाडी रिकामी करायचीय. नाहीतर गाडी जाईल."

"गारी तुमची जाल. खारी आमची जाल." ती म्हणाली. "आमच्या पोरी इथं चिखलातनं खुबे, शिंपले काडतान. आमच्या होऱ्या इथं लागतान. इथं कचरा सांडाचा न्हाय."

तिच्या मागे वाडीतल्या आणखी बायका जमल्या होत्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझं लक्ष किनाऱ्याकडे गेलं. तिथे वाडीचाच कचरा साठलेला होता. पिशव्या, नारळाच्या शेंड्या, फुटक्या बादल्या.

"आणि हा कुणाचा आहे?" मी बोट दाखवून विचारलं. "हा तर आमच्या गाडीने नाही टाकला."

हिराबाईने तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता शिव्या घालणार, असं मला वाटलं. पण ती सरळ म्हणाली, "आमचाच हाय. मंग काय करू? तुमची कुंडी त्या नाक्यावर. गुडघे धरलेली म्हातारी घमेला घेऊन तिथवर रोज जाल? तुमची गारी आमच्या गल्लीत शिरत न्हाय. आमी खारीला भरवतो, ते आमचं पाप हाय. म्हनून तुमी आख्ख्या शहराचा आनून ओताल?"

ती चुकीचं काही बोललीच नव्हती. मी सदाशिवला हौदा खाली घ्यायला सांगितलं. इक्बालभाईंनी कपाळाला हात लावला.

"मग आता मावशी, तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "कचरा इथे सांडणार नाही. पण गाडी रिकामी व्हायला हवी. रस्त्यावर नेऊ कसा?"

हिराबाईने मागे वळून हाक मारली, "कान्हा! फाटकी जाली आन!"

कान्हा तांडेल हा तिचा धाकटा दीर, वाडीतल्या एका होडीचा प्रमुख. तो आणि आणखी चारदोन पुरुष जुनी, टाकाऊ जाळी खांद्यावर घेऊन आले. पुढचा वेळ मी कधी विसरणार नाही. आमचे सफाई कामगार हौद्यात चढून खोऱ्याने कचरा जाळ्यात लोटत. जाळ्याची मोटळी बांधली जाई. माणसं ओळीने उभी राहून ती ओढत ओढत रस्त्यावर चढवत. वास असा की डोळ्यांत पाणी. सदाशिव सगळ्यांच्या पुढे, छातीपर्यंत चिखलाने माखलेला. त्याचा पाय घसरला की हिराबाई ओरडायची, "ए घाटी, टाच रोव, टाच!" आणि तो टाच रोवायचा. मीही साडी खोचून ओळीत उभी राहिले. साहेबांचा फोन आला तेव्हा तो घ्यायला माझा एकही हात स्वच्छ नव्हता. इक्बालभाईंनी तो माझ्या कानाला लावून धरला. साहेबांनी विचारलं, "मॅडम, परिस्थिती नियंत्रणात आहे ना?" मी म्हटलं, "हो सर, हातात आहे."

गाडी रिकामी झाली. कान्हाने होडी ओढायचे जाड दोर आणले, ते जोडून जेसीबीपर्यंत पोचवले. चाकांखाली होडीखाली घालतात ते ओंडके आणि आमच्या फळ्या सरकवल्या. मी चाकांतली हवा कमी करायला लावली. टायर जरा बसका झाला की चिखलाला जास्त धरतो. सदाशिव केबिनमध्ये, जेसीबी वर. इक्बालभाईंनी हात खाली केला. दोर ताणला, करकरला, चाकं जागच्या जागी फिरली, सगळ्यांच्या अंगावर चिखल उडाला. गाडी तसूभर हलली नाही.

"आता थांब," कान्हा म्हणाला. "पानी येव दे. पानी खाली शिरलं की चिखल सोडतं. होरीचं तसंच हाय."

"होडी लाकडाची आहे," मी म्हटलं. "हिच्या चाकांत बेअरिंग आहे, ब्रेक आहे. खारं पाणी गेलं की संपलं."

"मग ओढा तुमी."

आम्ही पुन्हा ओढलं. दोराचा एक पीळ तुटला. आता मी आणि कान्हा एकमेकांकडे बघत उभे राहिलो. शेवटी आम्ही तोडगा काढला. पाणी मागच्या चाकांच्या आसापर्यंत येऊ द्यायचं, त्याच्या वर एक बोटही नाही. ते कान्हाने बघायचं. इंजिनावर लक्ष मी ठेवायचं.

पाणी आलं. भरतीचं पाणी किती शांतपणे येतं! चिखलातल्या बारीक रेघा भरत गेल्या, ओंडके ओले झाले, मग टायरभोवती पाणी फिरलं. सदाशिवचा चेहरा आरशात दिसत होता. त्याने डोळे मिटले होते. मी ओरडले, "डोळे उघड रे बाबा, गाडी चालवायचीय!" तेव्हा कान्हाने हात वर केला आणि वाडीतल्या पुरुषांनी होडी ओढताना देतात ती हाळी दिली. जेसीबी घुरघुरला. चिखलातून एक मोठा, ओला आवाज आला, आणि गाडी सुटली. आधी एक हात, मग ओंडक्यांवरून गडगडत, मग एका दमात कडेवरून वर. इक्बालभाईंनी सदाशिवला केबिनमधून खाली ओढून मिठी मारली. नंतर वर्कशॉपमध्ये चाकं खोलली तेव्हा मी म्हटलं होतं तसं खारं पाणी आत शिरलेलंच होतं. सगळी बेअरिंगं धुऊन, नवं ग्रीस भरून बसवावी लागली. पण गाडी वाचली. कान्हाचं खरं ठरलं आणि माझंही.

त्या दिवशी रस्त्यावरची जाळ्याची मोटळी दुसऱ्या गाडीत भरून आम्ही निघालो, तर हिराबाई जीपच्या दाराशी आली.

"तुमची गारी निघाली," ती म्हणाली. "आता आमची?"

मोठी गाडी त्या गल्लीत जाणं शक्यच नव्हतं. कुठली गाडी कुठे जाणार हे आरोग्य विभाग ठरवतो, आम्ही फक्त गाड्या चालू ठेवतो. हे सगळं तिला समजावून सांगता आलं असतं. पण कोपरापर्यंत तिच्या गावचा चिखल लागलेला असताना ते तोंडातून निघेना. "मोठी नाही येणार, मावशी," मी म्हटलं. "बारकी आणते."

बोलून तर बसले. माझ्याकडे बारकी गाडी नव्हतीच. वर्कशॉपच्या मागच्या कुंपणाशी धूर फवारणीचा एक जुना तीनचाकी टेम्पो उभा होता. टाकी सडलेली, पण इंजिन बरं होतं. मी आणि इक्बालभाईंनी तो पुढे ओढला. धुराचं यंत्र काढलं, पत्र्याचा हौदा बनवला. पहिला हौदा उंच झाला. मी इक्बालभाईंना म्हटलं, गुडघे दुखणाऱ्या बाईला घमेलं एवढं वर उचलता येईल का? दुसऱ्या दिवशी पाहिलं तर एक बाजू कापून कमरेएवढी केलेली. "अम्मी की हाईट से नाप लिया," ते म्हणाले.

आरोग्य विभागाचे साहेब सज्जन होते, पण त्यांचीही अडचण होती. नव्या गाडीला ड्रायव्हर कुठून द्यायचा? माझ्या डंपरच्या अहवालात मी रस्त्याची कड खचल्याचं आणि ड्रायव्हरने गाडी वाचवण्यासाठी काय केलं ते नीट लिहिलं होतं. चौकशी तिथेच मिटली, आणि यथावकाश सदाशिवची फाईलही सही होऊन खाली आली. कायम झालेला माणूस आता डंपर सोडून तीनचाकीवर कशाला बसेल? पण तोच साहेबांच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. "मी चालवतो, साहेब. डंपरची फेरी झाली की." वर्कशॉपमध्ये त्याची भरपूर थट्टा झाली. दहा चाकांवरून तीन चाकांवर उतरला म्हणून. तो हसत राहिला.

मला रुखरुख एवढीच, की असे टेम्पो आणखी पुष्कळ हवे होते. इतर वाड्या-पाड्यांतून बायका विचारत यायच्या. काहींना देऊ शकलो, काहींना नाही, आणि मी निवृत्त झाले तेव्हाही काही गल्ल्या राहिल्याच होत्या. आता तिथे मोठमोठ्या इमारती उठल्यात आणि गल्लीच उरली नाही, असंही झालंय. पण वाडीतला पहिला दिवस आठवला की मन अजून भरून येतं.

त्या सकाळी सदाशिव टेम्पो घेऊन पुढे, मागून जीपमध्ये मी आणि इक्बालभाई. टेम्पो ऐटीत गल्लीत शिरला, दोन घरं गेली, तीन गेली, आणि अडला. एका घराची दगडी पायरी ओट्याच्या पुढे गल्लीत आलेली होती. सदाशिवने मागे घेतला, आरसे मिटले, पुन्हा लावून पाहिलं. चार बोटांनी अडत होता. इक्बालभाई वाकून वितीने मोजत राहिले, जणू मोजल्याने गल्ली रुंद होणार होती. आणि घर कुणाचं? दारात हिराबाई उभी.

सगळी वाडी बाहेर आली. त्या पायरीवर बसून ती मासळी साफ करायची, तिच्या कडेवर विळीच्या घासण्याने खोबण पडली होती.

"माझ्या सासूनं बसवलेला दगड हाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, कळलं नाही.

"मावशी, राहू दे," मी म्हटलं. "आपण टेम्पो नाक्यावर उभा करू. तिथपर्यंत..."

"तिथवर तर कुंडी पन होती." तिने मला पुढे बोलू दिलं नाही. मग दिराकडे वळून म्हणाली, "कान्हा, पहार आन."

कान्हा हललाच नाही. "वैनी, ऐक..."

"आन म्हनते ना!"

पहार आली. पहिला घाव तिनेच घातला. मग सदाशिवने तिच्या हातून पहार घेतली आणि कुठेही तडा जाऊ न देता तो लांब दगड हळूहळू सुटा केला. चौघांनी उचलून तो दाराच्या दुसऱ्या अंगाला, भिंतीला समांतर लावला. हिराबाईने त्यावर बसून पाहिलं, थोडी सरकली, पुन्हा बसली. "हं," म्हणाली.

टेम्पो पुढे आला. भिंत आणि हौदा यांच्यात हात जाईल एवढी जागा उरली. हिराबाई उठली, आतून घमेलं घेऊन आली आणि कमरेच्या उंचीवरून सहज हौद्यात उपडं केलं. खवलं, साली, चुलीची राख. मग म्हशीच्या पाठीवर मारतात तशी टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारली आणि पुढच्या घरांकडे तोंड करून ओरडली, "अगो, बगता काय? आना की!"

गल्लीच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर हौदा शिगोशीग भरला. मी इक्बालभाईंना जीप घेऊन पुढे जायला सांगितलं आणि सदाशिवच्या शेजारी, त्या अर्ध्या सीटवर अंग चोरून बसले. इस्त्रीच्या साडीतली बाई कचऱ्याच्या तीनचाकीत बसलेली पाहून रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. सदाशिव सांगत होता, पुढच्या आठवड्यात बायकोमुलांना घेऊन येतोय, खोली बघून ठेवलीय, पाणी दारातच आहे. नाक्यावर आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ उभे होते. मला पाहून त्यांनी घाईघाईने हात केला, टेम्पो थांबवला आणि काळजीने विचारलं, "काय हो मॅडम, गाडी बंद पडली का?"

"नाही हो," मी म्हटलं, "आजच चालू झालीय."